अनोळखी माणसाला 'मावशी', 'काका', 'बॉस' म्हटलं तर आपुलकी वाटते की कमीपणा?

आधी प्रश्न थोडक्यात सांगते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही मूळचे अमरावतीकडचे, आता पुण्यात एका लॅबसाठी घरोघरी जाऊन रक्ताचं सॅम्पल घेता. एका सोसायटीत पन्नाशीच्या एका बाईंना तुम्ही म्हणालात, "मावशी, घाबरू नको, हात सरळ कर." त्या म्हणाल्या, "मी तुमची मावशी नाही," आणि नंतर अ‍ॅपवर तक्रार टाकली की मुलाला बोलायची पद्धत नाही. तुमचं म्हणणं असं की आमच्याकडे सगळे असंच बोलतात, मी प्रेमानेच बोललो, मग यात अपमान कुठून आला, आणि आता काय सगळ्यांना सर-मॅडम करत फिरायचं का.

मी बरीच वर्षं वॉर्डात स्टाफ नर्स होते, नंतर इन्चार्ज सिस्टर, आणि आता होम केअरला जाणाऱ्या मुलामुलींना ट्रेनिंग देते. हा विषय प्रत्येक बॅचला निघतोच, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते. तुम्ही वयाने माझ्या मुलाएवढे असाल, पण आपली ओळख नाही म्हणून मी तुम्हाला तुम्हीच म्हणतेय, आणि ते मुद्दाम आहे.

सगळीकडे चालेल असा एक नियम यात नाही हे आधीच सांगून टाकते. गाव बदललं की बदलतं, वय बदललं की बदलतं, माणूस आजारी आहे की भाजी घ्यायला आलाय यावर बदलतं. कोल्हापुरात चहाच्या टपरीवर "काय भावा" म्हणणाऱ्याला कोणी उद्धट म्हणणार नाही, तेच वाक्य सदाशिव पेठेतल्या एखाद्या रिटायर्ड हेडमास्तरांना म्हणून बघा. खानदेशात आप्पा, आबा, मराठवाड्यात मामा, मालक, पाव्हणं, तुमच्या वऱ्हाडात भाऊ, काकाजी, मुंबईत बॉस आणि शेठ. तुमच्या गावच्या कानाला तुम्ही बरोबरच बोललात. पण ज्या कानाने ते ऐकलं तो कान दुसरीकडचा होता.

आता खरा मुद्दा. 'मावशी' हा शब्द चांगला की वाईट असं विचारून उपयोग नाही, आपण तो कोणाला म्हणतो आणि कोणाला चुकूनही म्हणत नाही हे बघायचं. कुठल्याही हॉस्पिटलमध्ये जा. फरशी पुसणाऱ्या, बेडपॅन देणाऱ्या बाई म्हणजे मावशी. ट्रॉली ढकलणारे मामा. आम्ही सिस्टर, पुरुष नर्स ब्रदर. आणि त्याच वॉर्डात राउंडला येणाऱ्या साठीच्या डॉक्टर बाई? त्या मॅडम. त्यांचं वय मावशींएवढंच असतं, कधी जास्तही असतं, पण कोणाच्या तोंडून "डॉक्टर मावशी" निघत नाही (लहान पोरं सोडली तर). पुण्या-मुंबईच्या मध्यमवर्गी घरांत तर हे अजून पक्कं आहे, शेजारची ती काकू आणि धुणंभांडी करायला येते ती मावशी. तुमच्या डोक्यात मावशी म्हणजे आईची बहीण, त्या बाईंच्या डोक्यात मावशी म्हणजे कामवाली. त्यांना राग आला तो बहुतेक या जागी.

त्या रागात एक गोष्ट मला अजिबात पटत नाही तीही लिहिते. कामवालीसाठीचा शब्द आपल्याला लागला म्हणून जर अपमान वाटत असेल तर आपण त्या कामवालीला रोज कुठल्या पायरीवर ठेवतो हे दिसतंच. ट्रेनिंगमध्ये मी पहिल्याच दिवशी मुलांना विचारते की तुमच्या फ्लोअरवरच्या मावशींचं नाव काय, आणि बहुतेकांना माहीत नसतं, वर्षभर एकत्र डबा खाऊनसुद्धा. म्हणजे प्रेमाचं नातं लावलं पण माणसाचं नाव विचारलं नाही. मला विचाराल तर हा त्या सोसायटीतल्या प्रकारापेक्षा मोठा प्रश्न आहे. पण दारात सुई हातात घेऊन उभे असताना समोरच्या बाईंचे विचार दुरुस्त करणं हे तुमचं काम नाही, त्यांना अवघडल्यासारखं न होऊ देता सॅम्पल घेणं हे आहे.

दुसरी गोष्ट तुमच्या वाक्यातच आहे आणि तुमच्या लक्षात आलेली दिसत नाही. मावशी हा शब्द एकवेळ जिरला असता, "घाबरू नको, हात सरळ कर" हे जिरलं नाही. आपल्याकडे मान नावात कमी आणि क्रियापदात जास्त असतो. "काका, बसा" यात काही बिघडत नाही, "साहेब, इकडे ये" यात साहेब असूनही सगळं बिघडतं. आणि यात एक गंमत आहे जी मी वर्षानुवर्षं बघतेय, आईकडच्या नात्यांना आपण घरात तू म्हणतो. आई तू, मावशी तू, आजी तू. काकांना मात्र पुष्कळ घरांत तुम्ही. त्यामुळे अनोळखी माणसाला काका म्हटलं की पाठोपाठ आपोआप करा-बसा येतं, आणि मावशी किंवा आजी म्हटलं की जीभ आपोआप कर-बस वर घसरते. म्हणजे अनोळखी बायका एकेरीवर येतात आणि पुरुष अहो-जाहोमध्ये राहतात, कोणाच्या मनात काही नसताना. वॉर्डात हे कान देऊन ऐका एक दिवस. "आजोबा, गोळी घेतली का?" आणि शेजारच्या कॉटवर "आजी, गोळी घेतलीस का गं?"

मग ओळखायचं कसं की आपलं बोलणं गोड लागतंय की खुपतंय? मी मुलांना एकच सांगते, तो शब्द उलटा फिरवून बघा. मी ज्याला असं म्हणतोय तो मला तसंच म्हणू शकतो का, आणि माझ्या वरच्या माणसाला मी असं म्हणेन का. लॅबच्या मालकीणबाई पन्नाशीच्या असतील तर त्यांना तुम्ही "मावशी, सही कर" म्हणाल का? नाही ना. मग तो शब्द सगळ्यांसाठी नाहीये, तो ठरावीक लोकांसाठी आहे, आणि समोरच्याला ते कळतं.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण आपल्याकडेच आहे, वारी. पालखी मार्गावरच्या आरोग्य पथकात मी काम केलंय, पायाचे फोड, जुलाब, उन्हाने चक्कर, सकाळपासून रात्रीपर्यंत रांग. तिथे प्रत्येक जण माउली. पोलीस माउली, चहावाला माउली, डॉक्टर माउली, सत्तर वर्षांचे विणेकरी वीस वर्षांच्या नर्सिंगच्या पोरीला माउली म्हणतात आणि तीही त्यांना माउलीच म्हणते, ते तिच्या पाया पडतात आणि ती त्यांच्या. पूर्ण अनोळखी माणसं, नाव-गाव माहीत नाही, आणि तरी त्या शब्दाने कोणाला कमीपणा आलेला मी पाहिला नाही. कारण तो दोन्ही बाजूंनी सारखाच जातो आणि कोणालाच त्यातून वगळलेलं नाही. तुमचं 'भाऊ' गावात गोड लागतं तेही याच कारणाने, तिथे तुम्ही ज्याला भाऊ म्हणता तो तुम्हालाही भाऊच म्हणतो.

नुसता शब्द बदलून मात्र काही होत नाही. २०१६ च्या रेल्वे बजेटमध्ये सुरेश प्रभूंनी जाहीर केलं की कुलींना आता सहायक म्हणायचं. चांगलाच विचार होता. पण प्लॅटफॉर्मवर आजही लाल शर्ट दिसला की "ए, किती घेणार?" हेच ऐकू येतं, तो 'ए' गेला नाही तर पुढचा शब्द कुठलाही लावा.

आता आपल्या पेशाचं, कारण इथे एक जास्तीची गोष्ट आहे. रिक्षावाल्याने "काय बॉस" म्हटलं आणि नाही आवडलं तर माणूस तोंड फिरवतो, उतरून जातो. पेशंट कुठे जाणार? हातात सलाईन आहे, अंगावर हॉस्पिटलचा गाऊन आहे, किंवा तुमच्या केसमध्ये दंडाला पट्टा बांधलाय आणि सुई आत जाणार आहे. अशा वेळी कोणी उलटून बोलत नाही, कारण उलटून बोललं आणि याने मुद्दाम दोनदा टोचलं तर, ही भीती असते. त्यामुळे आपल्याला वाटतं की सगळ्यांना आवडतंय. त्या बाई तोंडावर बोलल्या, तक्रार केली, पण न आवडलेले पण गप्प बसलेले कितीतरी असतात.

म्हाताऱ्या पेशंटच्या बाबतीत तर हे फार होतं. "अगं गुणाची आजी ती, आता आपण छान छान अंघोळ करूया हं", "अरे वा, शू केली का बाळाने". ऐंशी वर्षांचा माणूस, ज्याने चार पोरांची लग्नं केली, शेतीचे खटले लढवले, त्याला आपण बालवाडीत बसवतो. हे बोलणारी मुलगी मनाने प्रेमळच असते यात शंका नाही, मी अशा मुलींना रात्र रात्र जागताना पाहिलंय. पण परिणाम वेगळा होतो. अमेरिकेत कॅन्सस विद्यापीठातल्या नर्सिंगच्या संशोधक क्रिस्टीन विल्यम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डिमेन्शियाच्या पेशंटवर याचा अभ्यास केला, २००९ मध्ये तो छापून आला. नर्सिंग होममध्ये स्टाफ पेशंटची कामं करतानाचे व्हिडिओ तपासले, आणि असं बाळबोबडं बोललं की पेशंट हात झटकणं, ओरडणं, विरोध करणं हे जास्त करतात असं दिसलं, साधं मोठ्या माणसाशी बोलतो तसं बोललं की कमी. ज्या माणसाला आज कुठला वार आहे हे सांगता येत नाही त्यालासुद्धा आपल्याला लहान केलं जातंय हे कळतं. मी स्वतः वॉर्डात हे पाहिलंय, औषध थुंकणारे आजोबा "पाटील, ही तुमची दुपारची गोळी, पाणी देऊ का?" म्हटल्यावर हात पुढे करतात. दर वेळी नाही, पण पुष्कळदा.

नावाचा अजून एक उपयोग आहे जो तुमच्या लॅबच्या ट्रेनिंगमध्येही सांगितलाच असेल. पेशंटची ओळख दोन खुणांनी पटवायची, पूर्ण नाव आणि जन्मतारीख किंवा नोंदणी नंबर, बेड नंबर ओळख म्हणून चालत नाही. आणि ट्यूबवर लेबल पेशंटच्या समोरच लावायचं. एकाच घरात सासू आणि सून दोघींचं सॅम्पल असतं, तिथे "मावशी" आणि "ताई" म्हणून भागवलं आणि ट्यूबा बदलल्या तर शुगर एकीची आणि औषध दुसरीला. वॉर्डात "आजींना इंजेक्शन दे" असं ओरडलं की कुठल्या आजींना? सहा कॉटवर सहा आजी असतात. म्हणजे नाव घेणं ही निव्वळ सभ्यता नाही, ती सेफ्टी आहे.

मग काय म्हणायचं. मला स्वतःला सगळ्यात बरं वाटतं ते नाव आणि पुढे नातं. सुनंदाताई. विलासकाका. यात माणूसही राहतो आणि माया पण राहते, आणि मराठीत हे कुठेही कृत्रिम वाटत नाही. नुसतं आडनाव वेगळं असं शक्यतो विचारू नका. फॉर्मवर सगळं लिहिलेलं असतंच, आणि आपल्याकडे "आडनाव काय तुमचं?" हा प्रश्न पुष्कळ लोकांना जात विचारल्यासारखा लागतो, कारण पुष्कळदा तो त्यासाठीच विचारलेला असतो. बेडवरच्या कार्डावर आडनावच लिहिलेलं असलं, माणसाला त्याचीच सवय असली, तर गोष्ट वेगळी, वर पाटलांचं सांगितलं तसं.

नावाचा एक जुना जखमेचा भाग आहे तोही तुम्हाला माहीत असावा. आपल्या गावांत वरच्या जातीचा, जमीनवाला तो गणपतराव आणि त्याच्या शेतावर राबणारा तो गणप्या, मालकाच्या लहान पोरानेसुद्धा म्हाताऱ्या गड्याला गणप्याच म्हणायचं. पिढ्यान् पिढ्या हे चाललं. त्यामुळे ज्याला आपण सहज लाडाचं, तोडून घेतलेलं नाव समजतो ते काही लोकांच्या कानाला लाडाचं लागतच नाही. आमच्याकडे एक पेशंट होते, मालकाने आणून अ‍ॅडमिट केलेले, मालक त्यांना एकेरी आणि तुटक नावानेच हाक मारायचा आणि म्हणून हळूहळू वॉर्डबॉयपासून सगळे तसंच म्हणायला लागले. मी केसपेपरवरचं पूर्ण नाव बघून पुढे 'राव' लावून बोलायला सांगितलं सगळ्यांना. त्यांनी काही बोलून दाखवलं नाही, पण त्या दिवसापासून ते स्वतःचं दुखणं स्वतः सांगायला लागले, तोपर्यंत मालकच सांगायचा.

बायकांच्या बाबतीत अजून थोडं. काकू आणि वहिनी या शब्दांत एक लग्न धरलेलं असतं. चाळिशीची अविवाहित बाई, घटस्फोट झालेली, नवरा गेलेली, तिला दारात आलेल्या माणसाने "वहिनी, साहेब नाहीत का घरी?" म्हटलं की काय होतं याचा विचार करा. ताई सगळ्यात सेफ, त्यात वयही कमी धरलं जातं आणि लग्नही धरलं जात नाही. तिशीच्या मुलीला काकू तर नकोच. आणि समोरची व्यक्ती ट्रान्सजेंडर असेल, फॉर्मवर एक आणि दिसायला दुसरं असं तुम्हाला वाटलं, तर अंदाजाने भाऊ किंवा ताई चिकटवू नका, "तुम्हाला काय म्हणू?" एवढं सरळ विचारा, त्यात कोणाला राग येत नाही. डॉक्टर लोक तरुण नर्सला "बाळा", "डिअर" म्हणतात तोही याच्यातलाच प्रकार, तीन-चार वर्षं आयसीयू सांभाळलेल्या मुलीला सगळ्यांसमोर बाळा म्हटलं की तिचं बोलणं कोणी गंभीरपणे घेत नाही, पेशंटचे नातेवाईकसुद्धा नाही. पुरुषांचं लवकर सांगते, 'बॉस' बरोबरीच्या वयात चालतं, 'हिरो' शाळकरी पोरालाच म्हणा, 'शेठ' कुठेच नको, त्यात पैशाचा वास येतो.

आणि सर-मॅडमचं काय. ते चुकीचं नाही, पहिल्या दोन मिनिटांसाठी ते ठीकच आहे. पण खेड्यातून मुलाकडे आलेल्या एखाद्या आज्जींना तुम्ही मॅडम मॅडम केलंत तर त्या घाबरतात, त्यांना वाटतं काहीतरी सरकारी काम आहे. तिथे "आज्जी, बसा ना निवांत, मुंगी चावल्यासारखं होईल एवढंच" हेच बरोबर. बघा, आज्जी म्हणाले मी, पण 'बसा'च म्हणाले. जवळ जायचं तर शब्दाने जा, क्रियापद मात्र आदराचंच ठेवा, ते समोरच्याने "अरे तू म्हण रे मला" म्हटल्याशिवाय सोडू नका. ती परवानगी समोरून यायची असते. कोकणात, गोव्यात तर पहिल्या पाच मिनिटांत येते.

दारातलं बोलणं असं ठेवा. नमस्कार करा, आधी स्वतःचं नाव सांगा. हे लोक विसरतात, आपण त्यांना नातं लावतो पण आपण कोण ते सांगत नाही. इंग्लंडमध्ये केट ग्रेंजर नावाच्या डॉक्टर होत्या, स्वतः कॅन्सरच्या पेशंट, २०१३ मध्ये अ‍ॅडमिट असताना त्यांना जाणवलं की येणारे-जाणारे कोणी स्वतःचं नावच सांगत नाहीत, त्यावरून त्यांनी 'हॅलो, माय नेम इज' ही मोहीम सुरू केली आणि ती तिथल्या सरकारी हॉस्पिटलांत भरपूर पसरली. २०१६ मध्ये त्या गेल्या. तर आधी आपलं नाव आणि लॅबचं नाव, मग "पूर्ण नाव आणि जन्मतारीख सांगता का, लेबलसाठी लागते", मग त्याच नावाला ताई किंवा काका लावून पुढचं सगळं बोलणं. तुमची वऱ्हाडी बोली अजिबात बदलू नका, तिचा गोडवा हेच तुमचं बळ आहे, फक्त तू-तुम्हीचं लक्ष ठेवा.

कोणी टोकलंच तर "अहो पण मी प्रेमानेच म्हणालो" हे नको. त्याचा अर्थ समोरच्याला असा लागतो की चूक तुमच्या समजण्यात आहे. "माफ करा, काय म्हणू तुम्हाला?" एवढं म्हणा, सांगतील तसं म्हणा, आणि कामाला लागा, तो विषय पुन्हा काढू नका.

तुमच्या तक्रारीचं म्हणाल तर सुपरवायझरला लपवालपवी न करता घडलं तसं सांगा, आणि अ‍ॅपवर उत्तर द्यायची सोय असेल तर दोन ओळी पुरे: माझ्या बोलण्यामुळे तुम्हाला वाईट वाटलं त्याबद्दल दिलगीर आहे, पुढच्या वेळी काळजी घेईन. गावाकडे असं बोलतात वगैरे खुलासा त्यात नको. पुढच्या वेळी त्यांचंच बुकिंग तुमच्याकडे आलं तर दुसऱ्याला देऊ नका, तुम्हीच जा.